इंजिन की एम.ए.

माझ्या एम.ए.ची किंमत आमच्या घरात कुणी रुपयांत बोललंच नाही. ती ठरली एका इंजिनात. विहिरीवर बसवायचं तेलावरचं इंजिन असतं ना, तेच. एक तर ते घरी यायचं, नाही तर मी पुण्याला जायचं. दोन्ही होण्याएवढी हळद आमच्याकडं नव्हती.

साठ साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा परिषदा नव्या नव्या सुरू झालेल्या, गावोगावी त्यांच्या जीपगाड्या धुरळा उडवत फिरायच्या. मी सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झाले होते. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात तोवर एवढी शिकलेली मुलगी नव्हती, म्हणून गावाला माझ्या पुढच्या आयुष्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी. कॉलेजातल्या सरांनी माझ्या डोक्यात भरवलं होतं लोकप्रशासन. सरकारी पैसा आधी कुठं जावा, नियम कोण करतं, कुणासाठी करतं, आणि तो कागदावरून शिवारात येईपर्यंत त्याचं काय होतं, याचा अभ्यास. पुण्याला दोन वर्षं राहून करायचा. मला तर ऐकूनच वेड लागलं होतं.

घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे वडील, आई, मी, आणि आत्ती, आबांची थोरली बहीण. भाऊ पलटणीत होता, वर्षातून एकदा यायचा. आत्ती फार लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. आबांनी तिला शेताची एक पट्टी वेगळी करून दिली होती आणि तिच्या हळदीला ते कधी हात लावत नसत. आई पैशाचं बोलणं निघालं की चुलीत लाकूड सारायला लागायची, त्यामुळं घरातली खरी चर्चा म्हणजे आत्ती आणि मी. आबा मध्ये बसून पान जुळवत.

"त्येनं मिळतं काय?" आत्तीचा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, "नोकरी मिळेल."

"कसली?"

आता आली का पंचाईत! मास्तरीण झाले असते तर सांगता आलं असतं. मास्तरणीचा पगार सगळ्या गावाला पाठ होता. लोकप्रशासन शिकलेली बाई काय होते, हे मलाच धड माहीत नव्हतं. मी सरांना विचारून आले. सर म्हणाले, आता नवीन जागा निघतील.

"निगतील म्हंजे? पेरल्यात व्हय कुणी?" आत्ती म्हणाली.

मी चिडले. मी तेव्हा फार लवकर चिडायची, आता जरा कमी चिडते असं घरातले म्हणतात, खरं-खोटं देव जाणे. आत्तीला मी तोंडावर म्हटलं, की तुला शिक्षणातलं काय कळतंय? ती शांतपणे म्हणाली, "शिक्शानातलं न्हाई कळत. पान्यातलं कळतं." आणि उठून मोटेवर गेली.

तिची बाजू सांगितलीच पाहिजे, नाही तर तुम्ही तिला खाष्ट ठरवून मोकळे व्हाल. आमच्या विहिरीवर मोट होती. चामड्याची मोट, दोन बैल, आणि उतारावरनं बैल खाली-वर न्यायचे दिवसभर. भाऊ पलटणीत गेला, आबांचा गुडघा धरला, तेव्हापासून मोट आत्ती हाकायची. बाईमाणसानं मोट हाकायची म्हणजे गावात बोलणी. ती म्हणायची, पानी बाईनं काडलं म्हणून ऊस काय रुसून बसतोय काय? पण संध्याकाळी तिचा उजवा खांदा वर उचलत नसे. आई रोज तेल लावून चोळायची, आणि आत्ती भिंतीकडं तोंड करून बसायची, म्हणजे चेहरा कुणाला दिसू नये.

सांगलीत स्टेशनच्या वाटेवर इंजिनाचं एक दुकान होतं. बाजाराला गेली की आत्ती तिथं जायचीच. एका हिरव्या इंजिनावर तिचा जीव जडला होता. दुकानदार तिला ओळखायचा. ती इंजिनाच्या चाकावर हात ठेवून उभी राहायची, किंमत विचारायची, आणि "लय सांगतासा" म्हणून परत यायची. मला एकदा बरोबर नेलं. दुकानदारानं चालू करून दाखवलं, तसा सगळा रस्ता दणाणला. आत्तीचा चेहरा नुसता फुलला.

"बग," ती मला म्हणाली, "ह्ये चालू झालं की चार शिवारांत आयकू जातं. मानसाला कळतं, हितं पानी हाय म्हणून. तुजी डिग्री कुटं वाजनार गं?"

खरं सांगते, ते वाक्य मला असं झोंबलं, की कित्येक दिवस मी तिच्याशी हूं की चूं केलं नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, ती मोटेवर होती.

आता हळदीचं सांगते. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीच्या पोटात पेवं आहेत. वर माणूस उतरेल एवढं तोंड आणि आत खोलीएवढी जागा. बाजूनं पाला लावायचा, आत हळद सुटी ओतायची, तोंडावर दगड-माती घालून लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद राहते, कीड लागत नाही. आबांची आणि आत्तीची हळद तिथं एकाच पेवात होती. अर्धी-अर्धी. पण एकदा ओतली की कुठलं हळकुंड कुणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आणि पेव उघडलं की सगळं रिकामं करायचं. माझ्यापुरतं काढते, तुझं राहू दे, असं तिथं चालत नाही. म्हणजे आबांनी मला पाठवायचं ठरवलं तरी आत्तीची हळद बाहेर येणारच, आणि आत्तीनं इंजिनासाठी उघडलं तरी आबांची. आणि नुसत्या अर्ध्यात ना इंजिन येत होतं ना एम.ए.

बोलणी झाली, रुसवेफुगवे झाले. शेवटी आबांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला. "आदी उगडू तर. रंग बगू, दर बगू. मग ठरवू."

मला तो निकाल अजिबात आवडला नाही. अर्धवट निकाल म्हणजे जिचं तोंड मोठं तिचा विजय, आणि आत्तीपुढं माझं तोंड किती!

हरिपूरला आम्ही तिघं गेलो. आत्तीच्या पिशवीत नारळ होता, हळदकुंकवाची पुडी होती. म्हणजे बाईनं इंजिन घेऊनच परतायचं ठरवलेलं. मला दिसला तो नारळ.

पेवाचं तोंड उघडलं तरी लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा विषारी असते. झाकण काढून बराच वेळ थांबायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर वर ओढायचा आणि पुन्हा वाट बघायची. आमचा कंदील पहिल्यांदा विझला. मग आम्ही झाडाखाली बसलो. आत्तीनं भाकरी सोडली, मला ठेचा जास्त दिला, कारण मला आवडतो. भांडण एकीकडं आणि ठेचा एकीकडं, असा तिचा हिशेब होता. मी खाल्ला आणि आणखी मागितला.

दुपारी कंदील खाली जळत राहिला. हमाल उतरले, पाट्या वर यायला लागल्या. रंग काय आला होता! आबांनी एक हळकुंड मोडलं आणि आम्हाला दाखवलं. आत्ती म्हणाली, "सोनं हाय सोनं." तेवढ्यात व्यापारी आला. आबांची त्याची जुनी ओळख, मोठ्या पोटाचा, हसरा माणूस. त्यानंही हळकुंड मोडून बघितलं.

"आबा, घाई कशाची?" तो म्हणाला. "दर चढतोय. थांबा की जरा."

आबांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, "दोन कामं निगाल्यात. बहिनीला इंजिन पायजे. आन् पोरगी पुन्याला शिकायला जाती म्हंती. बगू, काय जमतंय."

व्यापारी माझ्याकडं बघून मोठ्यानं हसला. "पोरगी? अहो आबा, पोरीला हळद लावायची असती. हळद विकून पोरगी शिकवायची नसती! आणि शिकून काय, कलेक्टर होणार?" हमालही हसले. "त्यापेक्षा आक्का म्हणत्यात तसं इंजिन घ्या. पाणी तरी पडंल शेतात."

बघा, शब्द न् शब्द आत्तीचेच होते. तिनं घरात शंभरदा म्हटलेले. मला वाटलं, आता झालं, एम.ए. इथंच पेवात पुरली. मी खाली बघत उभी राहिले. डोळे भरून आले होते आणि ते व्यापाऱ्याला दाखवायचे नव्हते.

"हसतासा कुनाला?"

आत्ती उठली होती.

"हसलो कुठं, आक्का, मी आपलं..."

"दात दिसलं मला. आमच्या पोरीला काय लावायचं, काय शिकवायचं, त्ये आमी बगू. तुमी हळद बगा." मग आबांच्या खांद्यावरचं उपरणं तिनं ओढलं. "आना हिकडं हात."

हे काय झालं ते कळायला हळदीचा सौदा माहीत हवा. दर तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं, आणि त्याच्याखाली बोटं धरून, दाबून भाव करायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. हा पुरुषांचा कारभार. बाईनं परपुरुषाचा हात धरायचा, आणि तोही दिवसाउजेडी चारचौघांत? आबांच्या हातातलं हळकुंड खाली पडलं. हमाल हसायचे थांबले. व्यापाऱ्यानं आबांकडं बघितलं. आबांनी आभाळाकडं.

"आवं, लाजतासा काय नव्या नवरीवानी? इकायची हाय हळद. घ्यायची का न्हाई?"

त्यानं भीत भीत हात पुढं केला. आत्तीनं उपरणं टाकलं. मग किती तरी वेळ ते दोघं तसे उभे. त्याच्या कपाळावर घाम आला. एकदा त्यानं हात मागं ओढायला बघितला, तर आत्तीनं सोडला नाही. मोट ओढणारा हात तो, सुटतोय कसला! शेवटी त्यानं मान हलवली. आत्तीनं उपरणं काढलं, झटकलं, घडी घालून आबांच्या खांद्यावर ठेवलं.

"पोरगी पुन्याला चाललीया," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "म्हणून इकली. न्हाईतर ह्या दरानं हळकुंड बी दिलं नसतं."

झालं. सौद्यातला शब्द फिरवत नाहीत. मला पुण्याला पाठवायचं ठरलं ते असं, एका हसण्याच्या रागापायी. मी आत्तीचा हात धरायला गेले तर म्हणाली, "सोड, खांदा दुकतुया."

परतताना मोटारीला वेळ होता. आम्ही स्टेशनच्या वाटेनं निघालो. मी मनात म्हणत होते, दुसऱ्या गल्लीनं जाऊया, पण ती सरळ दुकानापुढनंच गेली. दुकानदारानं हाक मारली, "या आक्का, आज नेताय ना?" आत्ती थांबली. आत जाऊन हिरव्या चाकावर हात ठेवला. "ह्या खेपंला न्हाई," म्हणाली. "पुडच्या हळदीला." नारळाची घरी चटणी झाली.

पुढची हळद माझ्या दुसऱ्या वर्षाला गेली. त्यानंतरची आबांच्या दुखण्याला.

पुण्याची दोन वर्षं मी मान मोडून अभ्यास केला. मजा केली नाही असं नाही, पण सिनेमाचं तिकीट काढताना मोट दिसायची, मग सिनेमा गोड लागत नसे. पास होऊन आले आणि जवळजवळ वर्षभर घरीच बसले. गावाला उकळ्या फुटल्या. "काय मिळालं गं भाचीला शिकवून?" असं बायका आत्तीला पाणवठ्यावर विचारत. आत्ती म्हणायची, "पी हळद अन् हो गोरी, आसं आसतंय व्हय? दम धरा की." घरात मात्र मला एकदाच विचारलं, "निगाल्या का गं जागा?" मी नाही म्हटलं. तिनं परत विचारलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

मग निघाल्या. पंचायत समितीत विस्तार अधिकारी झाले. पहिला पगार आत्तीच्या हातात दिला, तिनं कपाळाला लावला आणि आबांच्या औषधाला काढून ठेवला. पुढचेही पगार तिकडंच जात राहिले. मोट चालूच होती.

आणि एक दिवस समितीत इंजिनं आली. म्हणजे कर्ज आणि सवलत आली. तालुक्याला थोडीच, आमच्या गावाला एकच. नियम साधा होता. विहीर आहे पण जमीन थोडी आणि दुसरी कसली मिळकत नाही, अशाला पहिलं. पाहणी करून शिफारस करायची मी.

गावातून दोन नावं पुढं आली होती. एक आमचं, म्हणजे आत्तीचं. दुसरं ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या दोघा भावांचं. त्यांनी स्वतःच्या हातानं खडक फोडून विहीर पाडली होती. बैल नव्हते, म्हणून मोटही नव्हती. घरातल्या बायका घागरीनं भाजीला पाणी घालायच्या. मी पाहणीला गेले तेव्हा थोरला म्हणाला, "आमाला काय मिळतंय बाई, बगून जावा." रागानं नव्हे, सवयीनं म्हणाला.

सभापती मला म्हणाले, "बाई, आत्तीचं नाव घाला की वर. तिची पट्टी येगळी दावायची. कोण इचारतंय?" खरंच कुणी विचारलं नसतं. आमच्याकडं बैल होते, ऊस होता, भावाचा पगार, माझा पगार. नियमाच्या बाजूनं बघितलं तर प्रश्नच नव्हता. पण रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढं तो उजवा खांदा. पुण्यात दोन वर्षं जे शिकले, ते सगळं या एका नावाशी येऊन थांबलं होतं. आणि ते शिकले होते कुणाच्या जिवावर?

मी भावांची शिफारस केली.

आत्तीला मी स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडनं कळू नये म्हणून. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, नियम सांगितला, घागरी सांगितल्या. तिचा हात थांबला नाही. "व्हय का," म्हणाली. एवढंच. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. ताटात ठेचा पडायचा, पण शब्द नाही.

इंजिन आलं त्या सकाळी तो थोरला भाऊ आमच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "आक्का, इंजिन बशिवलंय. नारळ फोडायला तुमी या," म्हणाला. आत्तीनं खुंटीवरचा कासरा घेतला. मग, "मोट जुपायची हाय मला," एवढं बोलून ती शेताकडं निघून गेली. तो बिचारा मान खाली घालून परत गेला. मला इतका राग आला! शेतात जाऊन चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून मी तिच्या मागं निघाले.

मी पोचले तेव्हा तिनं बैल मोटेला जुंपले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात ओढ्यापलीकडं पहिल्यांदा ते इंजिन सुरू झालं. आधी दोनदा खोकलं, मग लागलं. सगळं शिवार दणाणून गेलं. वस्तीवरची पोरं ओरडायला लागली. आत्तीनं बैल थांबवले. कासरा हातात धरून, मान जरा तिरकी करून ती ऐकत राहिली. माझं भांडण तोंडातच राहिलं.

मग ती बोलली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली.

"वाजली गं तुजी डिग्री."

मला रडू फुटलं. चांगली पगारदार बाई मी, बांधावर बसून लहान पोरीसारखी रडले. ती माझ्याकडं आली नाही. ओढ्याच्या दिशेनं बघत म्हणाली, "लांबून बी लख्ख आयकू येतंय. सांजंला जाऊ दोगी. त्या मानसाला मी नीट बोलली न्हाई." मग डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला, जरा दाबला, आणि बैलांना हाक घालून पुन्हा मोट खाली सोडली.